लिव्हरपूलचे नोत्र दाम ट्रेनिंग कॉलेज (१८५६) : गरिबांच्या शाळेला शिकलेली बाई

शाळाबाई (धागाकर्ती)

शिक्षणाच्या इतिहासाची चर्चा निघाली की आपण मेकॉले, विद्यापीठे आणि मोठमोठे सुधारक यांच्यावर तासन्‌तास बोलतो. वर्गात प्रत्यक्ष उभी राहणारी बाई कुठून आली, तिला कोणी तयार केले, तिच्या दोन वर्षांच्या राहण्या-खाण्याचा खर्च कोणी उचलला, हे फारसे कोणी विचारत नाही. मला या प्रश्नांचे वेड आहे. त्यातूनच इंग्लंडमधल्या कॅथलिक ट्रेनिंग कॉलेजांबद्दल वाचत गेले आणि लिव्हरपूलच्या माउंट प्लेझंट रस्त्यावरच्या कॉलेजापाशी थांबले.

सुरुवात भुकेपासून करावी लागते. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि १८४७ या एका वर्षात सुमारे तीन लाख आयरिश माणसे लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे होते ती अमेरिकेला गेली. अगदीच निष्कांचन होती ती बरीचशी तिथेच राहिली, तळघरांतल्या ओल्या खोल्यांत. टायफसची साथ आली. रुग्णांची सेवा करता करता त्या वर्षात शहरातले दहा कॅथलिक पाद्री दगावले. या माणसांची मुले कुठे शिकणार?

इंग्लंडमधल्या कॅथलिकांना पार्लमेंटात बसायचा हक्क मिळून तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. समाज लहान, वर थोडी जुनी जमीनदार घराणी आणि खाली हा अफाट गरीब आयरिश थर. १८४७ मध्येच बिशपांनी ‘कॅथलिक पुअर स्कूल कमिटी’ स्थापन केली. चर्चमध्ये वर्गणी फिरवून चार भिंती उभ्या करता येत होत्या, शिक्षक मात्र वर्गणीतून उभा राहत नाही.

इथे सरकारी योजना कामाला आली. जेम्स के-शटलवर्थ या अधिकाऱ्याने १८४६ मध्ये ‘प्युपिल टीचर’ पद्धत आखली होती. शाळेतल्याच तेरा वर्षांच्या हुशार मुलाला किंवा मुलीला पाच वर्षांसाठी उमेदवार म्हणून घ्यायचे. दिवसा त्यांनी वर्ग सांभाळायचा, शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी त्यांना रोज दीड तास शिकवायचे, दरवर्षी इन्स्पेक्टरने परीक्षा घ्यायची. सरकार पहिल्या वर्षी १० पौंड देई, ते वाढत पाचव्या वर्षी २० पौंड होत. अठराव्या वर्षी ‘क्वीन्स स्कॉलरशिप’ची परीक्षा. ती मिळाली की ट्रेनिंग कॉलेजात प्रवेश, खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. पुढच्याच वर्षी कॅथलिक शाळांनाही सरकारी अनुदान लागू झाले.

म्हणजे शिडी तयार होती, वरची पायरी नव्हती. कॅथलिक मुलींना घेणारे कॉलेजच नव्हते. मुलांसाठी लंडनजवळ हॅमरस्मिथला १८५० मध्ये सेंट मेरीज सुरू झाले, सुरुवातीला अवघे सहा विद्यार्थी. मुलींसाठी पुढे आल्या त्या नोत्र दाम संघाच्या सिस्टर्स.

या संघाची मुळे फ्रान्समधल्या आमिएँ गावात, १८०४ सालची. संस्थापिका ज्युली बिल्यार ही खेड्यातली बाई. वीस-बावीस वर्षे तिचे पाय लुळे होते, त्या अवस्थेत ती पलंगावरून गावातल्या मुलांना शिकवत असे. पुढे संघ बेल्जियममधल्या नामूरला गेला. संघाचा जन्मच गरिबांच्या मुलींना शिकवण्यासाठी झालेला, त्यामुळे शिकवायचे कसे यावर त्यांच्याकडे पन्नास वर्षांचा अनुभव साठला होता. फादर जेम्स न्यूजंट यांच्या पुढाकाराने १८५१ मध्ये त्या लिव्हरपूलला आल्या आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये माउंट प्लेझंटवर वीसेक मुलींना घेऊन ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. प्रिन्सिपॉल होत्या सिस्टर मेरी ऑफ सेंट फिलिप. मूळ नाव फ्रान्सिस लेशर, जुन्या कॅथलिक घराण्यातल्या, वय तेव्हा तिशीच्या आसपास. १९०४ मध्ये वारल्या तोवर हेच त्यांचे जगणे होते.

मला या सगळ्यात जे सर्वांत मोलाचे वाटते ते असे : तिथे येणारी मुलगी बहुतेक करून गरीब वस्तीतल्या शाळेतूनच आलेली असे. तेराव्या वर्षी वर्गासमोर उभी राहिलेली, अठराव्या वर्षी कॉलेजात, विसाव्या वर्षी सरकारी प्रमाणपत्र हातात घेऊन पुन्हा तशाच वस्तीतल्या शाळेत. त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दार कोणत्याही बाईला बंद होते. मग धक्क्यावर हमाली करणाऱ्याच्या मुलीला कॉलेज ही वस्तू दुसरीकडे कुठे दिसणार होती?

सवड होईल तसे आणखी लिहीन. प्रश्न विचारा, दुरुस्त्या सुचवा.

टाचणवही

शाळाबाई, फार आवडला धागा. मी डी.एड. केलेली आहे, त्यामुळे पहिला प्रश्न आतला विचारते. दोन वर्षांत त्या मुलींना शिकवायचे काय? आणि सराव पाठ होते का? आमच्याकडे पाठाचे टाचण आदल्या दिवशी तपासून घ्यावे लागे, आणि पाठ चालू असताना मागच्या बाकावर बाई वही घेऊन बसत. त्या वहीची जी धडधड व्हायची ती अजून आठवते.

शाळाबाई

टाचणवही, तुमची धडधड त्या मुलींना अगदी ओळखीची वाटली असती. ट्रेनिंग कॉलेजांना लागूनच ‘प्रॅक्टिसिंग स्कूल’ असे, तिथल्या खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायचे. शिवाय ‘क्रिटिसिझम लेसन’ हा प्रकार होता. एक मुलगी पाठ घेई, बाकीच्या सगळ्या आणि शिकवणाऱ्या बाई बघत. पाठ संपला की एकेकीने उठून काय जमले, काय चुकले ते सांगायचे. प्रश्न कसा विचारला, फळ्यावर काय लिहिले, मागच्या रांगेतले मूल निसटले का, सगळ्याची चिरफाड.

विषय म्हणजे वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल, इतिहास, धर्मशिक्षण, शाळा-व्यवस्थापन. मुलींना शिवणकाम आणि घरकामाचा अभ्यास सक्तीचा. डिसेंबरात सरकारी परीक्षा होई आणि कॉलेजचे अनुदान तिच्या निकालावर ठरे. त्यामुळे प्रत्येक मुलगी पास होणे ही कॉलेजच्या पोटापाण्याची बाब होती.

आडवाट

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक गोष्ट खटकते. सरकारचा पैसा, म्हणजे सगळ्या जनतेचा कर, आणि कॉलेज एका धर्मपंथाचे. मुलींना ट्रेनिंग दिले हे चांगलेच, पण ते देताना चर्चने आपली माणसे आपल्या कुंपणात ठेवली असेही म्हणता येईल. उद्या तीच मुलगी साध्या सरकारी शाळेत जाऊन शिकवू शकत होती का?

शाळाबाई

आडवाट, हा आक्षेप त्या काळातही जोरात घेतला जात होता, आणि तो रास्त आहे. थोडी पार्श्वभूमी सांगते. इंग्लंडमध्ये तेव्हा ‘साधी सरकारी शाळा’ हा प्रकारच नव्हता. १८७० च्या कायद्याने स्कूल बोर्ड, म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक मंडळे, आली, त्याआधी प्राथमिक शाळा म्हणजे बहुतेक कोणत्या ना कोणत्या पंथाच्या. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रोटेस्टंट, चर्चची ट्रेनिंग कॉलेजे कॅथलिकांच्या आधीची आणि संख्येने कितीतरी जास्त होती. तेव्हा कॅथलिकांचे म्हणणे इतकेच होते की जे इतरांना मिळते ते आम्हालाही मिळावे.

तडजोड अशी झाली की कॅथलिक शाळांसाठीचा सरकारी इन्स्पेक्टर पुअर स्कूल कमिटीला मान्य असावा आणि त्याने फक्त लौकिक विषय तपासावेत, धर्मशिक्षणात लक्ष घालू नये. १८७० च्या कायद्याने पंथवार इन्स्पेक्टर बंद झाले. पुढे १९०२ च्या कायद्याने पंथांच्या शाळांना स्थानिक करातून पैसा मिळू लागला, तेव्हा तर ‘रोमला आमच्या करातून पोसता’ म्हणून नॉनकन्फॉर्मिस्ट, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट, मंडळींनी मोठी चळवळ केली. कर भरायला नकार देऊन लोक कोर्टात उभे राहिले.

कुंपणाबद्दल तुमचे म्हणणे मी नाकारत नाही. कॅथलिक शाळांसाठीच शिक्षिका तयार करायच्या हा हेतू उघड होता. माझे मत मात्र असे की कुंपणाच्या आत तरी त्या मुलीला पूर्ण दोन वर्षांचे शिक्षण, सरकारी परीक्षा आणि स्वतःचा पगार मिळाला. कुंपणाबाहेर तिच्या वाट्याला त्या काळी गिरणी किंवा मोलकरणीचे काम होते.

गोदाकाठ

शाळाबाई, या विषयाचा आपल्याशी थेट धागा आहे. १८५४ चा वुडचा खलिता पाहा. त्यात भारतासाठी अनुदान पद्धत आणि शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल सुचवली आहेत, आणि तिथे इंग्लंडमधल्या प्युपिल टीचर योजनेचा नमुना घ्या असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जी योजना लिव्हरपूलच्या मुलींना कॉलेजात घेऊन गेली, तिचीच प्रत मुंबई इलाख्यात येणार होती. आपल्याकडे मुलींच्या शाळा सुरू झाल्या होत्या, सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची. पण शिक्षिका तयार करणारी संस्था हवी हा आग्रह जोर धरायला आणखी बरीच वर्षे गेली. १८६६ मध्ये इंग्लिश समाजसुधारक मेरी कार्पेंटर भारतात आल्या त्या हाच मुद्दा घेऊन, आणि १८७० मध्ये पुण्यात मुलींचे ट्रेनिंग कॉलेज निघाले.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही लिहिलेत की ती मुलगी गरीब वस्तीतून येऊन गरीब वस्तीत परत जाई. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात नेमकी हीच मागणी आहे. प्राथमिक शाळेचे शिक्षक ट्रेनिंग घेतलेले असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, लोकांत मिसळणारे असावेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणारे नसावेत. पगारही पोटापुरता असावा, असा त्यांचा आग्रह होता. लिव्हरपूलमध्ये धर्मसंघाने जे पंथाच्या चौकटीत केले, ते जोतीराव इथे सरकारकडे सगळ्यांसाठी मागत होते. त्या मागणीचे काय झाले हे आपल्याला माहीत आहे. पंतोजी वरच्याच जातींतून येत राहिले आणि खालच्या जातींची मुले पडवीत बसत राहिली.

शाळाबाई

गोदाकाठ, मनापासून आभार. वाकसाचा संदर्भ वाचून अंगावर काटा आला. शिक्षक कोणत्या घरातून येतो याने शाळा बदलते, हे जोतीरावांनी इतक्या नेमकेपणाने सांगितले होते.

वाघोलीकर

मी वसईचा कॅथलिक, मराठी माध्यमात शिकलेला. धागा वाचून राहवले नाही. आमच्या पट्ट्यात एकेका घरात दोन-दोन प्राथमिक शिक्षक सापडतील. सातवी झालेली हुशार मुलगी बोर्डिंगला पाठवायची, मग ट्रेनिंगला, मग जिल्हा परिषदेच्या किंवा चर्चच्या शाळेत नोकरी, हा रस्ता माझ्या आत्याच्या पिढीला पाठ होता. शेती पुरत नव्हती, बाईच्या पगारावर भावंडांची शिक्षणे झाली. आत्याने पुढे गावातल्या कितीतरी मुलींचे फॉर्म स्वतः भरून दिले. आम्ही सगळे तिला बाई म्हणूनच हाक मारतो, घरातलेसुद्धा.

एक विचारायचे होते. माउंट प्लेझंटला शिकणाऱ्या मुली नन होत्या की साध्या मुली? आमच्याकडे लोकांचा गैरसमज असतो की सिस्टर्सच्या कॉलेजात गेली म्हणजे ही आता व्रत घेणार.

शाळाबाई

वाघोलीकर, विद्यार्थिनी सामान्य घरातल्या मुली, शिकवणाऱ्या सिस्टर्स. काही मुली पुढे संघात गेल्या, पण कॉलेज होते ते प्रापंचिक जगात राहून शिकवणाऱ्या बायकांसाठी. आत्यांबद्दल आणखी लिहा ना. वसईच्या शिक्षिकांवर स्वतंत्र धागा व्हायला हवा, आणि तो तुम्हीच काढायला हवा.

दिठी

चांगल्या बाजूबद्दल सगळे बोलले, मी दुसरी बाजू मांडते. या बायकांना पुरुषांइतके कधीच मिळाले नाही. १८६२-६३ नंतर नियम बदलले तेव्हा ट्रेनिंग पूर्ण करून नोकरीत टिकलेल्या प्रत्येक पुरुष शिक्षकामागे कॉलेजला १०० पौंड आणि बाईमागे ७० पौंड ठरले होते. पगारातही हाच भेद. बाईने लग्न केले की नोकरी सोडायची, ही सक्ती अनेक ठिकाणी होती आणि ती कायद्याने उठली १९४४ मध्ये. शिक्षकांना समान वेतन पूर्णपणे मिळाले १९६१ मध्ये. म्हणजे १८५६ च्या मुलीपासून मोजले तर शंभराहून जास्त वर्षे. ज्या सिस्टर्सनी मुलींना इतके घडवले, त्यांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवल्याचे मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही.

टाचणवही

दिठी, +१. आणि १८६२ चा उल्लेख केलात म्हणून विचारते, ती ‘निकालावर पैसे’ पद्धत तेव्हाचीच ना?

गोदाकाठ

हो, तीच. शिक्षणखाते सांभाळणाऱ्या रॉबर्ट लोचा ‘रिव्हाइज्ड कोड’, म्हणजे अनुदानाचे सुधारित नियम. साधारण हिशेब असा : वर्षभर हजर राहिलेल्या मुलामागे ४ शिलिंग, आणि वाचन-लेखन-गणित या परीक्षेचे ८ शिलिंग. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले. परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर येई आणि शिक्षकाचा वर्षाचा पगार पणाला लागे. याचा परिणाम काय झाला असेल हे सांगायला नकोच. भूगोल, इतिहास गेले बाजूला, आणि तेच पुस्तक इतक्यांदा घोकवले की मूल डोळे मिटून ‘वाचू’ लागले. मुंबई इलाख्यानेही हीच पद्धत उचलली होती.

ट्रेनिंग कॉलेजांना दुहेरी फटका बसला. प्युपिल टीचरांची संख्या घसरली, म्हणजे कॉलेजात येणाऱ्या मुली कमी झाल्या. आणि अनुदान आधी न मिळता, शिक्षक नोकरीत टिकल्यावर हप्त्याहप्त्याने मिळू लागले. खर्च आज, पैसा परवा.

शाळाबाई

अगदी बरोबर. याच संदर्भात एक दुसरे कॉलेज सांगण्यासारखे आहे. कॉर्नेलिया कॉनेली या अमेरिकन बाईंनी स्थापन केलेल्या होली चाइल्ड संघाने सेंट लेनर्ड्स-ऑन-सी इथे १८५६ मध्येच मुलींचे ट्रेनिंग कॉलेज काढले. ते १८६४ मध्ये बंद झाले. मग दहा वर्षे देशभरात कॅथलिक शिक्षिका तयार करायचा भार मुख्यत्वे माउंट प्लेझंटवर होता. १८७४ मध्ये सेक्रेड हार्ट संघाने लंडनच्या वाँड्सवर्थमध्ये दुसरे कॉलेज काढले. त्याचेच पुढे डिग्बी स्टुअर्ट कॉलेज झाले, आज ते रोहॅम्प्टन विद्यापीठात आहे. मुंबईकरांना या संघाची ओळख करून द्यायला नको, सोफिया कॉलेज त्यांचेच.

ती मधली दहा वर्षे निघाली कशी, हा विचार मी नेहमी करते. एक संस्था डगमगली असती तर हजारो मुलांच्या शाळांना बाई मिळाली नसती. सिस्टर मेरी ऑफ सेंट फिलिप यांच्या कामाची उंची मला इथे दिसते. सरकारी चौकटीतच राहायचे, परीक्षेत मुली वरच्या वर्गात आणायच्या, आणि तरीही शिकवण्याचे मोल परीक्षेपुरते होऊ द्यायचे नाही.

दिठी, तुमच्या मुद्द्याला उत्तर देत नाही, कारण तो खराच आहे. एवढेच जोडते की प्रमाणपत्र असलेल्या बाईला कमी पगार मिळाला तरी तो तिच्या नावावर मिळाला. विवाहित स्त्रीची कमाई कायद्याने तिची स्वतःची ठरली ती १८७० मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून या मुली स्वतःच्या नावाने पगार घेत होत्या, अविवाहित म्हणून का होईना.

मिडऑन

विषय माझा नाही, वाचत होतो. पण लिव्हरपूल आणि चर्च म्हटल्यावर डेव्हिड शेपर्ड आठवणारच. भारताच्या १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात, म्हणजे विनू मांकड लॉर्ड्सवर एकटा लढला त्या मालिकेत, ओव्हलवर आपल्याविरुद्ध ११९ काढणारा सलामीचा फलंदाज. पुढे तोच लिव्हरपूलचा अँग्लिकन बिशप झाला. त्याचा या कॉलेजशी काही संबंध?

शाळाबाई

मिडऑन, आहे, आणि चांगला घट्ट आहे! कॉलेजच्या शेवटच्या अंकात ते येतात.

१९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये जन्मदर घसरला, शिक्षक कमी लागणार असे दिसू लागले आणि १९७२ च्या श्वेतपत्रिकेनंतर ट्रेनिंग कॉलेजे धडाधड बंद किंवा विलीन झाली. तेव्हा शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. माउंट प्लेझंटचे नोत्र दाम, १९६० च्या दशकात निघालेले कॅथलिक ख्राइस्ट्स कॉलेज आणि अँग्लिकनांचे सेंट कॅथरिन्स या तिघांपुढे एकच प्रश्न होता. सेंट कॅथरिन्स १८४४ चे, वॉरिंग्टनला जन्मलेले.

लिव्हरपूलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे वैर काय होते ते लक्षात घ्या. १९०९ मध्ये तिथे मिरवणुकीवरून रस्त्यावर दंगली झाल्या होत्या. अशा शहरात कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक आणि अँग्लिकन बिशप शेपर्ड यांनी दोन्हीकडची कॉलेजे एकत्र आणायचा मार्ग धरला. १९८० मध्ये ‘लिव्हरपूल इन्स्टिट्यूट ऑफ हायर एज्युकेशन’ झाले. आज तेच लिव्हरपूल होप विद्यापीठ आहे, विद्यापीठाचा दर्जा २००५ चा.

आडवाट, तुमच्या कुंपणाच्या मुद्द्यावर हे मुद्दाम वाचा. कुंपण पडले, पण ते पडायला विद्यार्थी कमी व्हावे लागले आणि दोन माणसांची मैत्री लागली.

आडवाट

वाचले. माझा मूळ आक्षेप कायम आहे, पण हा शेवट मला माहीत नव्हता. दोन्ही पंथांनी एकत्र कॉलेज चालवायचे ठरवले तेव्हा धर्मशिक्षणाचे काय केले, हे मला कधी तरी सविस्तर वाचायला आवडेल.

वाघोलीकर

शाळाबाई, माझी बहीण सध्या मँचेस्टरला असते. नाताळात आम्ही तिच्याकडे जाणार आहोत, लिव्हरपूल जवळच. तिथे गेलो तर यातले काय बघायला मिळेल?

शाळाबाई

अवश्य जा. लाइम स्ट्रीट स्टेशनवर उतरलात की अडेल्फी हॉटेलच्या बाजूने माउंट प्लेझंट हा चढाचा रस्ता सुरू होतो. नोत्र दामची जुनी इमारत याच रस्त्यावर आहे, ती पुढे लिव्हरपूल जॉन मूर्स या वेगळ्या विद्यापीठाच्या वापरात आली. चढ संपतो तिथे कॅथलिक कॅथीड्रल, गोल आकाराचे, १९६७ मध्ये अभिषेक झालेले. त्याच्या जागी पूर्वी वर्कहाउस होते, शहरातल्या निराधारांचे. म्हणजे कॉलेजातल्या मुलींना गरिबी बघायला लांब जावे लागत नव्हते. कॅथीड्रलचे तळघर आवर्जून बघा, ते आपली नवी दिल्ली आखणाऱ्या वास्तुकार लटयन्सने आखलेले. त्याचा भव्य आराखडा पैशाअभावी राहिला, तेवढे तळघर पूर्ण झाले.

तिथून होप स्ट्रीटने सरळ चालत गेलात की दुसऱ्या टोकाला अँग्लिकन कॅथीड्रल. फादर न्यूजंट यांचा पुतळा सेंट जॉन्स गार्डन्समध्ये आहे, सेंट जॉर्जेस हॉलच्या मागे. स्टेशनपासून तो जवळच आहे. आत्यांना सोबत नेणार असाल तर चढ बेताने चढा, आणि परत आलात की त्यांच्याकडून वसईच्या ट्रेनिंगची हकिगत लिहून घ्या.